मदत हवी आहे: हिवाळ्यात बाल्कनीत रंग दिसेल अशी फुलझाडं सुचवा (जरा तातडीचं आहे)

चाफेकळी
नमस्कार मंडळी. दर हिवाळ्यात बाल्कनी फुलांनी भरायची ठरवते आणि जानेवारीत नुसती पानं बघत बसते. गेल्या वर्षी पिटुनिया लावले, ते वेलासारखे लांबडे झाले, फुलं मोजून चार. झेंडूचं तेच. खत घातलंय, पाणी वेळेवर, ऊन भरपूर. नर्सरीवाला म्हणतो, "ताई, बी खराब असेल." रोपं त्याच्याकडूनच घेतली होती, बी मध्येच कुठून आलं? डिसेंबरच्या मध्यापर्यंत भरगच्च रंग हवाय. हातात दीड महिना आहे. नुसती नावं द्या, उद्या नर्सरीत जाणार आहे. आणि कृपया गूगल कर म्हणू नका, ते झालंय करून.

माळीबुवा
गाव कोणतं? बाल्कनीचं तोंड कुठल्या दिशेला? कुंड्या केवढ्या? खत कोणतं? हे कळल्याशिवाय नावं देऊन उपयोग नाही, पुढच्या वर्षी हाच धागा परत वर काढाल.

नागपुरी_तर्री
फ्लॉक्स लावा डोळे झाकून. आम्ही सप्टेंबरअखेर बी टाकतो, होळीपर्यंत फुलं संपत नाहीत. एका पाकिटात पांढरा, गुलाबी, लाल, जांभळा सगळं निघतं. सोबत डेलियाचे कंद. थंडी पडली की डेलिया जेवणाच्या ताटाएवढा होतो आमच्याकडे, फोटो टाकतो नंतर.

माळीबुवा
तर्री, त्यांच्याकडे दीड महिना आहे. सप्टेंबरात टाकायचं बी आता टाकून डिसेंबरात काय दिसणार?

जर्सीकर
इकडे न्यू जर्सीत सप्टेंबर लागला की प्रत्येक दुकानासमोर मम्स (म्हणजे आपली शेवंतीच) आणि भोपळे मांडलेले असतात. पॅन्सी तर कमाल झाड. बर्फाखाली दबते आणि मार्चमध्ये परत फुलते. शोभेचा कोबी लावा, थंडी जितकी कडक तितका त्याचा जांभळा रंग गडद. आणि ट्युलिपचे कंद आताच जमिनीत घाला, वसंतात बहार बघा.

टवाळखोर
ताई, ऐकलंत ना? बाल्कनी उचला आणि फ्रीजमध्ये ठेवा.

माळीबुवा
टवाळाचं खरं आहे. ट्युलिपच्या कंदाला तीनेक महिने फ्रीजइतकी थंडी लागते. पुण्या-नाशकात तो लावून फक्त कंद कुजतो. आणि हो, गाव अजून कळलेलं नाही.

चाफेकळी
अहो पुणेच, अजून कुठे! वारजे, नववा मजला. कुंड्या नेहमीच्याच. खत म्हणजे युरिया, चिमूटभर, दर आठवड्याला. ऊन भरपूर म्हटलं ना, मे-जूनमध्ये तर बाल्कनीत उभं राहवत नाही. आता नावं?

देशी_वाण
पिटुनिया दक्षिण अमेरिकेचा, झेंडू मेक्सिकोचा. ही परदेशी हंगामी झाडं दर वर्षी आणायची आणि होळीनंतर कचऱ्यात टाकायची, कशासाठी? कोरांटी लावा. पिवळी, जांभळी, पांढरी. पावसाळा संपता संपता सुरू होते ती थंडीभर फुलते, पाणी कमी, कीड नाही, फुलपाखरं येतात. अबोली लावा, गजरे होतील.

टवाळखोर
वाणराव, मिरची आणि बटाटाही तिकडचेच. उद्यापासून वडापाव बंद का?

देशी_वाण
विषय फुलांचा आहे. वडापावचा वेगळा धागा काढा.

उंबरठा
थोडं अवांतर. माझ्या जास्वंदीवर पांढरा कापूस चिकटल्यासारखं झालंय आणि कळ्या गळतायत. काय करू?

नागपुरी_तर्री
@उंबरठा पिठ्या ढेकूण आहे तो. पाण्याचा जोरात फवारा मारून आधी धुऊन काढा, मग कडुलिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी. मुंग्या दिसत असतील तर त्यांचा बंदोबस्त आधी, त्याच पाळतात या किड्यांना.

माळीबुवा
चाफेकळी ताई, मे-जूनचं ऊन मला नकोय. दिशा सांगा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत बाल्कनीच्या फरशीवर उन्हाचा पट्टा पडतो का, एवढंच आठवून सांगा.

चाफेकळी
उत्तर. आता तुम्ही विचारलंत म्हणून आठवतंय, हिवाळ्यात फरशी गारच असते. पण उजेड लख्ख असतो हो.

माळीबुवा
मग रोग सापडला. पुण्यात मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर. तिथून जुलैअखेरपर्यंत तो दुपारी डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, म्हणून तुमच्या बाल्कनीत चटके. त्यानंतर सरकतो दक्षिणेकडे. डिसेंबरात भर दुपारी तो दक्षिणेला क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असतो, म्हणजे तुमच्या आणि त्याच्यामध्ये अख्खी इमारत. पिटुनिया, झेंडू, फ्लॉक्स, डेलिया, डायंथस, कॅलेंड्युला, सगळ्यांना रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं. लख्ख उजेड आपल्या डोळ्यांना, झाडाला तो उपास. म्हणून रोपं उजेड शोधत लांबडी झाली. वरून युरिया, म्हणजे पानांनाच खुराक. बी खराब नव्हतं.

त्या जागेत खालची झाडं चालतील: इम्पेशन्स (पाणी चुकलं की माना टाकतो, पण सावलीत त्याच्याइतकी फुलं कोणी देत नाही), बिगोनिया, अँथुरियम, आफ्रिकन व्हायोलेट. फुलांचा हट्ट सोडलात तर लाल-गुलाबी पानांचा अग्लोनिमा, तो वर्षभर तसाच राहतो. कोलियस आणू नका, थंडीत रडतो.

देशी_वाण
कोरांटी अर्ध्या सावलीत होते.

माळीबुवा
होते. पण बारा इंची कुंडी आणि एक-दोन वर्षांचा धीर द्या तिला. या बाईंना दीड महिना आहे. उन्हाची गच्ची असती तर मीच सांगितली असती.

बायनरी_बाग
एवढं कशाला? फुल स्पेक्ट्रम एलईडी ग्रो लाइट लावा, टायमरवर १६ तास. माझ्या पॅसेजमध्ये पिटुनिया फुललेत. आणि त्याखाली शेवंती आणि पॉइन्सेटियाही ठेवा, सगळेच रंग.

माळीबुवा
पिटुनिया फुलेल. बाकी दोन्ही हटून बसतील. शेवंती आणि पॉइन्सेटिया मोठ्या रात्रीची झाडं. पॉइन्सेटियाची पानं लाल व्हायला आठ-दहा आठवडे रोज चौदा तास सलग काळोख लागतो. सोसायटीच्या आवारातला दिवा रात्रभर अंगावर पडला तरी तो हिरवाच राहतो, लोक म्हणतात जात खराब.

बायनरी_बाग
ओके, पॉइन्सेटिया मागे घेतो. पिटुनियाचा मुद्दा कायम.

चाफेकळी
ग्रो लाइट नको, शेजारचे विचारतील काय उगवताय म्हणून. एक सांगायचं राहिलं. १४ डिसेंबरला धाकट्या नणंदेचं केळवण आहे आमच्याकडे, बाल्कनीच्या बाजूलाच पंगत बसणार. म्हणून डिसेंबर.

माळीबुवा
हे पहिल्या ओळीत सांगायचं! मग लावायचं काही नाही, आणायचं. ८-९ डिसेंबरला जा. कळ्या रंगावर आलेली पण निम्म्याहून जास्त बंद असलेली शेवंती, लाल झालेला पॉइन्सेटिया, फुलावर आलेला कलांचो. तुमच्या गार, उजेडाच्या बाल्कनीत हे केळवण होऊन पुढेही टिकतील, भर उन्हातल्यापेक्षा जास्तच. पूर्ण उमललेली कुंडी घेऊ नका, घरी येऊन दोन दिवसांत मळकट दिसते. हडपसर-मांजरीकडे, सोलापूर रस्त्यावर नर्सऱ्यांची रांगच आहे, वारज्याहून लांब पण निवड भरपूर.

देशी_वाण
याला बागकाम म्हणत नाहीत, मांडव सजवणं म्हणतात.

माळीबुवा
केळवणाला मांडवच सजवतात.

जर्सीकर
पॅन्सीचं कोणीच काही बोललं नाही.

नागपुरी_तर्री
पॅन्सी पुण्यात डिसेंबर-जानेवारीत छान होते, उन्हात. ऊनच नाही ना पण!

चाफेकळी
ऊन आहे की. स्वयंपाकघराची खिडकी दक्षिणेला आहे, बाहेर ग्रिल आहे. तुम्ही बाल्कनीचं विचारलंत म्हणून ते बोलले नाही.

माळीबुवा
धन्य! अहो, तीच तुमची हिवाळ्याची बाग. पिटुनियाची कळीवर आलेली रोपं उद्याच आणा, आठ इंची कुंडीत दोन, शेंडे एकदाच खुडा, युरिया बंद. मोकळ्या जागी नॅस्टर्शियमचं बी आणि कडेला अलिसम टोचा, दोन्ही केळवणाच्या सुमारास फुलू लागतील. नॅस्टर्शियमला खत देऊच नका, माजतो. पुढच्या खेपेला सप्टेंबरातच बी टाकायला घ्या. आणि जानेवारीअखेर एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला जाऊन या, आपल्या हवेत काय काय जमतं ते एका जागी दिसतं.

चाफेकळी
थँक्यू बुवा! पण ग्रिलमध्ये सध्या सासूबाईंची आवळासुपारी वाळतेय. आणि ती संपली की दुसरा घाणा, आवळे फेब्रुवारीपर्यंत येतात म्हणे.

माळीबुवा
ताट वरच्या कप्प्यावर, कुंड्या खाली, पुढच्या कडेला. दक्षिणेचं ऊन तिरकं येतं, खालपर्यंत पोचेल. पाणी मात्र सांभाळून घाला, खालच्या मजल्यावर कोणाचा तरी ग्रिल असेलच.

उंबरठा
आवळासुपारीत आलं किसून घालता की रस? आमची दर वर्षी काळी पडते.