‘गहाळ झाले’ की ‘हिसकावून नेले’? शब्द एकच बदलला तर काय काय बदलतं

बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकते. आमच्या शेजारच्या मावशी, सोलापूरच्या पूर्व भागातल्या, विड्या वळतात, घरात तेलुगू आणि बाहेर मराठी. मागच्या वर्षी संध्याकाळी विड्या देऊन चालत घरी येताना मागून बाईकवर दोघं आले आणि मंगळसूत्राला हिसका मारून गेले. मानेवर लाल वळ उठला होता, सुतळीने कापल्यासारखा, आणि दोन काळे मणी ब्लाउजच्या गळ्यात अडकून राहिले होते, तेवढेच मुठीत धरून बसलेल्या. मी सोबत पोलीस ठाण्यात गेले. कुठलं ते सांगत नाही.

तिथं टेबलावरच्या माणसाने आधी काय म्हणावं? “मावशी, गहाळ झाल्याचा अर्ज देऊन जावा.”

गहाळ! मी तिथंच अडले. गहाळ होणे म्हणजे हरवणे, आणि गहाळपणा म्हणजे निष्काळजीपणा, म्हणजे दागिना मावशींच्या हातून सांडला, सांभाळता आला नाही त्यांना. मानेवरचा वळ समोर दिसतोय आणि कागदावर गहाळ. आमचं तासभर भांडण झालं ते या एका क्रियापदावरून. कारण गहाळ लिहिलं की गुन्हाच नाही, गुन्हा नाही तर तपास नाही, कुणाला शोधायचं कारणच नाही. शेवटी एक बाई अंमलदार आल्या, त्यांनी मान बघितली, आणि जबाब लिहून घेतला. त्यात वाक्य आलं, “कोणीतरी दोन अज्ञात इसमांनी फिर्यादीच्या गळ्यातील मंगळसूत्र हिसका मारून बळजबरीने चोरून नेले.”

आपण पोलिसी मराठीला नावं ठेवतो, यातील नमूद सदर इसम वगैरे, पण मला त्या दिवशी ते वाक्य फार आवडलं. नाव माहीत नाही तरी करणारा वाक्यात आहे. आता आपण रोज काय बोलतो ते बघा. गल्लीत येऊन प्रत्येकाने विचारलं, “मंगळसूत्र गेलं म्हणे?” मोबाईल चोरीला गेला, गाडी चोरीला गेली. वस्तू आपल्या पायाने चोरीला जाते आणि चोर वाक्यात कुठंच नसतो. तसंच ‘फसणे’. ओटीपी घेऊन कुणी खातं रिकामं केलं की आपण त्यालाच म्हणतो, फसलास की रे. पाय चिखलात फसतो तसा हा आपण होऊन जाऊन फसला. खरं तर त्याला फसवलं, पण ‘फसवलं’ म्हटलं की लगेच कुणी असा प्रश्न येतो, ‘फसला’ म्हटलं की तो येतच नाही.

आणि सगळ्यात वाईट वाटतं ते ‘बळी पडणे’. ‘वासनेला बळी पडली’ असं अजून छापून येतं. बळी म्हणजे देवाला वाहिलेलं. बळी दिला म्हटलं तर देणारा आहे, बळी घेतला म्हटलं तर घेणारा आहे, बळी पडली म्हटलं तर दोघंही गायब, उरते फक्त ती आणि तिचं पडणं, ठेच लागून पडल्यासारखं. (पाडव्याला आपण “इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो” म्हणतो तो राजा बळी वेगळा, पण त्याच ओळीतली पिडा आणि ‘पीडित’मधली पीडा एकच. पीड् म्हणजे दाबणे, पिळणे. म्हणजे पीडित शब्दात निदान कुणीतरी दाबणारा आहे असं तरी वाटतं.)

तुमच्याकडे यासाठी अजून कुठले शब्द वापरतात, आणि तुम्हाला कुठला बरोबर वाटतो?

प्रतिसाद :
कोर्टात कारकुनी करतो म्हणून सांगतो. चोरी, जबरी चोरी, दरोडा हे तीन शब्द लोक सरसकट वापरतात पण तसं नाहीये. जबरी चोरीत मारहाण किंवा धाक लागतो, आणि दरोड्याला पाच किंवा जास्त माणसं लागतात, चौघांनी लुटलं तर तो दरोडा होत नाही. गळ्यातलं ओढून नेणं हे आधी चोरी नाहीतर जबरी चोरीत बसवायचे, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३०४ कलमात हिसकावण्याचा वेगळा गुन्हा आला. ताई, तुमचं भांडण योग्यच होतं.
अजून एक. ज्याच्यावर गुन्हा घडला त्याची व्याख्याच फौजदारी प्रक्रिया संहितेत बरीच वर्षं नव्हती, २००८ च्या दुरुस्तीने आली आणि २००९ च्या शेवटी लागू झाली. खटल्याचं नाव बघा, महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक. ज्याचं गेलं त्याचं नाव त्यात नसतं, तो साक्षीदार. आता त्या संहितेच्या जागी आलेल्या नव्या कायद्यात तपास कुठपर्यंत आला ते ९० दिवसांच्या आत फिर्यादीला नाहीतर पीडिताला कळवायला पाहिजे असं लिहिलंय. एफआयआरची प्रत फुकट मिळते ती पण मागून घ्या.

प्रतिसाद :
गुन्हेगार शब्दाचं पण बोला कुणीतरी. आमचं घर सेटलमेंटचं. सोलापुरात सेटलमेंट म्हटलं की रिक्षावाला बरोबर नेऊन सोडतो, पण हे नाव कशाचं ते नव्या पोरांना सांगावं लागतं. इंग्रजांनी १८७१ ला कायदा करून अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, काही न करता, जन्मानेच, आणि तारेच्या कुंपणात, म्हणजेच सेटलमेंटात, ठेवून हजेरी लावली. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, तेव्हापासून आम्ही विमुक्त. शब्द गेला पण कुठं चोरी झाली की पहिली जीप अजून आमच्याकडंच येते. आमच्या आजोबांना काय म्हणायचं मग, आरोपी का पीडित? ज्याच्यावर कायद्यानेच अन्याय केला त्याच्यासाठी मराठीत शब्द काय आहे मला अजून सापडलेला नाही.

प्रतिसाद :
‘पीडिता’ म्हटलं की लोक एकच गुन्हा धरून चालतात, म्हणून ज्या बाईची पर्स मारली तिला कुणी पीडिता म्हणत नाही. इंग्रजीतला सर्व्हायव्हर आता आपल्याकडं पण वापरायलेत, मराठीत ‘वाचलेली’ म्हटलं तर अपघातातून वाचल्यासारखं वाटतं. सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२३ मध्ये शब्दांबद्दल पुस्तिका काढली, त्यात दोन्ही शब्द चालतील, पण त्या व्यक्तीने स्वतः एखादा पसंत केला असेल तर तोच वापरा असं आहे. मला हे पटतं. विचारा ना तिला.

मूळ लिहिणारी :
सेटलमेंटवाल्या दादांच्या प्रश्नाला माझ्याकडंही शब्द नाही, पण ‘गुन्हेगार’ हे कुणी काही केल्यावरच लावायचं विशेषण आहे, जात नव्हे, एवढं तरी आपण बोलताना पाळू.

आणि विचारलं मी. काल मावशी दारात सुपात पानं घेऊन बसल्या होत्या, म्हटलं मावशी तुम्हाला काय म्हटलेलं आवडेल, पीडित, बळी, काय? हात न थांबवता म्हणाल्या, “मी फिर्यादी.” म्हटलं का? तर म्हणाल्या आमच्यात पण फिर्यादुच म्हणतात, तो शब्द कळतो मला, आणि फिर्याद मी स्वतः दिली, कुणी माझ्या वतीने नाही दिली. फिर्याद मूळ फारसी, अर्थ मदतीसाठी मारलेली हाक, ते मी त्यांना सांगितलं. पान कापता कापता जरा थांबल्या. “ओरडले होते की मी. चौकापर्यंत ऐकू गेलं असंल. दुकानात चार माणसं होती, कुणी बाहेर नाही आलं.”

प्रतिसाद :
मंगळसूत्र मिळालं का मावशींचं?

मूळ लिहिणारी :
दीड महिन्यापूर्वी सापडलं, अर्धंच, वाट्या आहेत, साखळी वितळवली. पण आता त्याला ‘मुद्देमाल’ म्हणतात, पाकिटात लाखेचा शिक्का मारून ठेवलंय. असा माल उगीच अडकवून ठेवू नका असं सुप्रीम कोर्टाने २००२ लाच सांगितलंय म्हणे, वकिलांनी तसा अर्ज टाकलाय. येत्या सोमवारी तारीख आहे, मी जाणार आहे सोबत.