मदत हवी आहे: १६ वर्षांच्या मुलीला घरी न कळवता समुपदेशन मिळेल का?

मी तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. अकरावीतली एक विद्यार्थिनी तीन महिन्यांपासून झोपत नाही, वर्गात अचानक छाती धडधडते, हात गार पडतात. घरी कळलं तर शिक्षण बंद होईल ही तिची भीती, आणि ती मला खरी वाटते. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार येतो का, हे मी स्पष्ट विचारलं आहे, नाही म्हणाली. अत्याचाराचा प्रकार नाही, तेही विचारलं.

खाजगी डॉक्टरांनी पालकांना घेऊन या म्हणून परत पाठवलं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर माझ्या फोनवरून मराठीत बोलली, हलकं वाटलं. पण तिच्याकडे स्वतःचा फोन नाही, आणि तिला समोर बसून बोलायचंय.

उपजिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाचं मैत्री क्लिनिक आहे, १० ते १९ वयासाठी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात अल्पवयीनांसाठी पालकच नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयात तिच्या वतीने बोलणारे, धरतात, हे वाचलंय. म्हणून गोळ्यांचा विषय सध्या बाजूला ठेवते, फक्त बोलण्यापुरतं विचारते. आईला विश्वासात घ्यायचंच आहे, पण मुलगी तयार झाल्यावर.

तिथे काम करणाऱ्या किंवा मुलांना नेलेल्या कुणी सांगाल का: समुपदेशक पालकांशिवाय भेटतात का, मी सोबत असले तर चालतं का, आणि केसपेपर काढताना वडिलांचा मोबाइल नंबर द्यावाच लागतो का?