मदत हवी आहे: अंडी देणाऱ्या कोंबड्यांना ऑलिव्हचा चोथा द्यावा का?

नमस्कार मंडळी,

आम्ही स्पेनमध्ये हाएन प्रांतात राहतो. नजर जाईल तिथवर ऑलिव्हच्याच बागा. परसात थोड्या कोंबड्या आहेत, सगळ्या अंडी देणाऱ्या. नोव्हेंबरात तोडणी सुरू झाली की गावच्या तेलगिरणीत चोथ्याचे ढीग लागतात. गिरणीवाले म्हणतात, हवा तेवढा न्या. खाद्याच्या पोत्याचा भाव पाहून मोह होतो, पण कोंबड्यांच्या जिवाशी खेळ नको, म्हणून आधी विचारतेय.

आपली शेंगदाणा पेंड डोळ्यांसमोर आणू नका. हा काळपट-जांभळा, चिखलासारखा गोळा असतो. इथल्या गिरण्यांत फळातलं पाणी वेगळं काढत नाहीत, ते चोथ्यातच राहतं. जवळजवळ ६५ टक्के पाणीच. मुठीत दाबला की हात तेलकट होतो आणि बाठ्यांचे तुकडे बोटांना टोचतात. ताजा असताना वास छान, मग आंबूस, पुढे खवट.

हिवाळ्यातल्या उन्हात वाळवता येईल का, की आतून बुरशी धरेल? बाठ्यांचं काय करू? आणि प्रमाण किती ठेवायचं? शेजारी म्हणतात बलक सुधारतो, ते खरं का? सध्या १७ टक्के प्रथिनांचं लेयर खाद्य (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं तयार खाद्य) देते, शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात असतो.

प्रतिसाद १

ताई, देता येईल, पण खाद्याच्या जागी नाही, खाद्यात मिसळून. वाळलेल्या चोथ्यात प्रथिनं १० टक्क्यांच्याही खाली आणि तंतू भरमसाट. कोंबडीला ते पचत नाहीत. तुमच्या खाद्यात दहावा हिस्सा मिसळलात तर प्रथिनं १६ च्या आसपास येतात. त्यापुढे गेलात तर अंडी कमी होणार. किलोला ५० ग्रॅमपासून सुरुवात करा. चव कडवट असते, कोंबड्या खाद्य टाकून देतायत का ते बघा. शिंपल्यांचा चुरा चालूच ठेवा, कारण मिसळल्याने कॅल्शियमही घटतं.

गिरणीतून आणल्या दिवशीच पातळ थर पसरा, वरचेवर हलवा. ऊन नसेल तर स्टोव्हजवळ, पण धुरात नको. वाळल्यावर चाळा, बाठे वर राहतात. खवट वास आला किंवा बुरशी दिसली तर सरळ खतात टाका. खवट तेल खाद्यातलं ई जीवनसत्त्व नासवतं.

एक मात्र कटाक्षाने पाळा: चोथ्यातून दुसऱ्यांदा तेल काढणाऱ्या कारखान्यातला माल आणू नका. तिथे तो भट्टीच्या गरम वायूत वाळवतात. २००१ साली स्पेनमध्ये चोथ्याच्या तेलात बेन्झोपायरीन (धुरातून येणारं, कर्करोगाला कारण ठरणारं रसायन) सापडलं आणि विक्री थांबवावी लागली होती.

बलकाचं म्हणाल तर खाद्यातल्या तेलाची छाप बलकातल्या चरबीवर पडते हे खरं, पण एवढ्याशा चोथ्याने फार फरक पडणार नाही. रंग हवा असेल तर मका आणि हिरवा पाला द्या.

धागाकर्ती

खूप आभार, दादा. ५० ग्रॅमनेच सुरू करते. चाळणी किती मिलिमीटरची घेऊ? घरातल्या पिठाच्या चाळणीतून हा चिकट माल खाली उतरेल असं वाटत नाही.