मदत हवी आहे: सांबा सर्व्हरला नावाने लॉगिन होत नाही, आयपीने होतं

मंडळी, ऑफिसात डेबियन १२ (लिनक्स) वर सांबा, म्हणजे विंडोज पीसींना फोल्डर शेअर करून देणारा सर्व्हर, चालवतो. विंडोज १० वाले पीसी सुरळीत आहेत. नवे विंडोज ११ प्रो वाले सर्व्हरच्या नावाने गेले की पासवर्ड विचारत बसतात, मग एरर १३२६ (यूजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा). तोच यूजर, तोच पासवर्ड, पण आयपी पत्ता टाकला की फोल्डर लगेच उघडतो!

त्यामुळे पासवर्डवर माझा संशय नाही. सांबाचा यूजर लिनक्सच्या यूजरपेक्षा वेगळा जोडावा लागतो, तो जोडलाय. विंडोजचा पिन नाही, पासवर्डच टाकतोय. क्रेडेन्शियल मॅनेजरमधल्या (विंडोज पासवर्ड साठवतं ती जागा) जुन्या नोंदी पुसल्या, पीसी रीस्टार्टही केला. गेस्ट लॉगिन मुद्दाम बंद आहे, ते चालू करायचा सल्ला कृपया नको.

खरी गंमत सांबाच्या लॉगमध्ये आहे. लॉग लेव्हल ३ वर (जास्त तपशील) आयपीने आलेलं लॉगिन दिसतं, नावाने केलेल्या प्रयत्नाची एक ओळही नाही. आणि त्या पीसीवरून नावाला पिंग केलं तर एफई८० ने सुरू होणारा (फक्त स्थानिक नेटवर्कपुरता) आयपीव्ही६ पत्ता येतो.

म्हणजे विनंती त्याच नावाच्या दुसऱ्याच मशीनकडे जातेय का? जुना नॅस बॉक्स (नेटवर्कवर फाइली साठवणारं उपकरण) अजून कुठेतरी चालू असू शकतो. तो पत्ता नेमका कोणत्या मशीनचा, हे विंडोजवरून कसं शोधायचं? होस्ट्स फाइलमध्ये (नाव आणि आयपी हाताने लिहून ठेवायची फाइल) नोंद टाकणं मला तात्पुरती मलमपट्टी वाटते.