स्वालबार्डची छायाचित्रण सफर: खर्च लहान जहाजावर करावा की मोठ्या लेन्सवर?

नांदूरचा वाटसरू (नाशिकरोड) यांचा प्रश्न

सर्व जाणकारांना नमस्कार. हिवाळ्यातल्या बहुतेक रविवारी मी पहाटे नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात असतो. चापडगावच्या बाजूला चिखलात धावणारा छोटा टिलवा हा पक्षी जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅम वजनाचा असतो आणि तरीही उन्हाळ्यात अंडी घालण्यासाठी तो थेट आर्क्टिकच्या टुंड्रावर जातो, हे समजल्यापासून ते उत्तरेकडचे जग एकदा डोळ्यांनी पाहावे असे मनात आहे. आता निवृत्तीनंतर हाताशी वेळ आहे आणि थोडी शिल्लकही आहे, म्हणून पत्नी आणि मी नॉर्वेच्या अखत्यारीतील स्वालबार्ड द्वीपसमूहाची सफर करण्याचे ठरवत आहोत.

आमच्यासमोर दोन पर्याय आहेत. पहिला पर्याय बारा प्रवासी घेणाऱ्या लहान जहाजाचा असून ते जूनच्या मध्यावर निघते. दुसरे जहाज शंभराहून अधिक प्रवाशांचे आहे; ते जुलैच्या उत्तरार्धात निघते आणि त्याचे भाडे बरेच कमी आहे. दुसरे जहाज घेतले तर वाचलेल्या पैशांत मला ६०० मिमीची चांगली प्राइम (झूम न होणारी) लेन्स घेता येईल. सध्या माझ्याकडे क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि १००-४०० मिमीची झूम लेन्स आहे. दोन्ही गोष्टी साधणे शक्य नाही.

२०२५ पासून तिथे ध्रुवीय अस्वलापासून किमान ३०० मीटर आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर अंतर ठेवण्याचा नियम लागू झाला आहे. इतक्या अंतरावरून ४०० मिमीने काही हाती लागेल का? आणि सगळ्यांना अंतराचा नियम सारखाच असेल, तर लहान जहाजाला जास्त पैसे मोजण्यात काय अर्थ उरतो? या प्रवासाचा अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

देवळालीकर यांचे उत्तर

आपला प्रश्न अगदी योग्य आहे, आणि त्याचे निम्मे उत्तर साध्या गणितात मिळते. आपल्या क्रॉप सेन्सरची रुंदी साधारण २३.५ मिमी धरली, तर ४०० मिमी लेन्समधून ३०० मीटरवर सुमारे साडेसतरा मीटर रुंदीचा देखावा चौकटीत मावतो. पूर्ण वाढलेल्या नर अस्वलाची लांबी २.३ मीटर धरल्यास ते चौकटीच्या रुंदीचा जवळजवळ आठवा भाग व्यापते. त्याच कॅमेऱ्यावर ६०० मिमी लावली तर ते पाचवा भाग व्यापेल. फरक नक्कीच आहे. पण आठव्या भागाचे चित्र पाचव्या भागाचे झाले म्हणून ते व्यक्तिचित्र होत नाही. दोन्ही वेळा आपल्या हाती येते ते अस्वल आणि त्याच्या भोवतीचा बर्फ यांचे एकत्रित चित्र, आणि माझ्या मते आर्क्टिकचे खरे चित्र तेच आहे. जुन्या माहितीपत्रकांत जहाजाच्या पुढच्या टोकाखाली उभे राहून वर पाहणाऱ्या अस्वलांची छायाचित्रे असतात, ती आधीच्या काळातली आहेत. आता अस्वल ठरलेल्या अंतराच्या आत आढळले, तर आपणच सावकाश मागे हटायचे असते, आणि ते योग्यच आहे. स्वालबार्डमध्ये १९७३ पासून या प्राण्याला पूर्ण संरक्षण आहे, आणि उन्हाळ्यात बर्फ आटत चाललेल्या समुद्रात त्याला सील पकडण्यासाठी मिळणारा काळ आधीच कमी होत आहे. आपल्या आगमनाने त्याची एक शिकार हुकली, तर त्या छायाचित्राची किंमत त्याने मोजलेली असते.

आता लहान जहाजाविषयी. त्याचे पैसे अस्वलाच्या जवळ जाण्यासाठी मोजायचे नसतात. ते थांबण्यासाठी मोजायचे असतात. बाराहून अधिक प्रवासी असले की आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा नियमांनुसार जहाज ‘प्रवासी जहाज’ ठरते, म्हणूनच बारा हा आकडा आपल्याला वारंवार दिसतो. बारा जण असले की दोन रबरी बोटींत सगळे मावतात. अमुक गट आता खाली उतरेल, तमुक गट दीड तासाने, अशा पाळ्या लावाव्या लागत नाहीत. हिमनदीच्या तोंडाशी दाढीवाला सील तरंगत्या बर्फाच्या तुकड्यावर झोपलेला असेल, तर बोटीचे इंजिन बंद करून तो स्वतः मान वर करेपर्यंत बसून राहता येते. अस्वल दूर किनाऱ्यावर चालत असेल, तर जेवणाची वेळ पुढे ढकलून कप्तान तासन्‌तास त्याला समांतर, ठरलेले अंतर राखून थांबू शकतो. शंभर प्रवाशांच्या वेळापत्रकात ही सवड क्वचितच असते.

दुसरा मुद्दा उंचीचा. मोठ्या जहाजाचा डेक पाण्यापासून बराच वर असतो, त्यामुळे प्राणी वरून टिपला जातो आणि पार्श्वभूमीला नुसते पाणी येते. लहान जहाजाच्या ठेंगण्या डेकवरून, आणि त्याहून अधिक रबरी बोटीतून, प्राणी जवळपास डोळ्यांच्या पातळीवर येतो व मागे हिमनदी किंवा डोंगर उभा राहतो. हा बदल २०० मिमी जास्तीच्या लेन्सनेही साधत नाही. त्यामुळे आहे ती लेन्स ठेवावी आणि जहाज लहान घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाणथळ यांचे उत्तर

देवळालीकरांशी जहाजाबाबत मी पूर्ण सहमत आहे, महिन्याबाबत मात्र नाही, कारण प्रश्नकर्त्यांचा लहान जहाजाचा पर्याय जूनच्या मध्यावर आहे आणि तेव्हा ५०० मीटरचा नियम लागू असतो. त्या अंतरावर त्यांच्या ४०० मिमीमध्ये अस्वल चौकटीच्या तेराव्या भागाएवढेच राहील. जूनमध्ये डोंगरांवर हिम असते, फियोर्डमध्ये (डोंगरांत शिरलेल्या अरुंद खाडीत) किनाऱ्याला धरून गोठलेला बर्फ असतो आणि पांढऱ्यावर पांढरे असे विलक्षण चित्र मिळते, हे मान्य. तथापि उत्तर किनाऱ्याकडचे मार्ग बर्फाने अडलेले असण्याची शक्यताही तेव्हाच जास्त, आणि किनाऱ्याला जखडलेला बर्फ फोडत जाण्यास आता मनाई आहे.

जो माणूस टिलव्याच्या ओढीने निघाला आहे, त्याने पक्ष्यांचा हंगाम चुकवू नये. हिनलोपेन सामुद्रधुनीत आल्कफ्येलेट नावाचा कडा आहे. काळ्या अग्निज खडकाचे खांब शंभर मीटरहून उंच थेट समुद्रातून उभे आहेत, आणि त्यांच्या खाचाखाचांवर ब्रुनिकच्या गिलेमॉट पक्ष्यांच्या सुमारे ६०,००० जोड्या विणीसाठी येतात. घरटे नसतेच; हातभर रुंदीच्याही नसलेल्या उघड्या खडकावर एकच अंडे असते. ते एका टोकाला इतके निमुळते असते की उतारावरही सहज गडगडत नाही. खाली बोटीत बसले की कानात सतत घुमणारा कल्लोळ, नाकाला झोंबणारा विष्ठेचा उग्र वास आणि डोक्यावरून अखंड वाहणारे थवे यांत कुठे पाहावे हेच कळत नाही. माझी सूचना अशी की आधी पंधरा-वीस मिनिटे कॅमेरा मांडीवर ठेवून एकच कपार निरखावी. एक पक्षी समुद्रावरून परततो, जोडीदाराच्या मानेला चोच लावतो, मग दोघे एकमेकांना अक्षरशः खेटून अंड्यावर बसण्याची अदलाबदल करतात. हा क्रम एकदा ध्यानात आला की पुढच्या जोडीचा क्षण आधीच ओळखता येतो.

जुलैच्या उत्तरार्धात तर याहून मोठे दृश्य घडते. जेमतेम तीन आठवड्यांची पिल्ले, पंखांत उडण्याचे बळ नसताना, कड्यावरून समुद्राकडे झेपावतात आणि खाली त्यांचा पिता त्यांना घेऊन खुल्या समुद्राकडे पोहत निघतो. जी पिल्ले पाण्याऐवजी किनाऱ्यावर पडतात, त्यांची वाट पाहत आर्क्टिक कोल्हे पायथ्याशी फिरत असतात. हे टिपायला १००-४०० सारखी झूमच सोयीची. ६०० मिमी प्राइम हातात धरून डोलणाऱ्या बोटीतून कोसळत्या पिल्लाचा पाठलाग करणे फार अवघड आहे.

प्रकाशाविषयीही थोडे सांगतो. स्वालबार्डच्या मुख्य वसाहतीत, लाँगयिअरब्येनला, साधारण २० एप्रिलपासून २२ ऑगस्टपर्यंत सूर्य मावळत नाही. जूनअखेरीस ७९ अंश अक्षांशावर मध्यरात्री सूर्य क्षितिजापासून सुमारे १२ अंश वर असतो, म्हणजे आपल्याकडे उगवल्यानंतर तासाभराने असतो तेवढा. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात तो मध्यरात्री क्षितिजाला टेकू लागतो आणि सोनेरी प्रकाश तासन्‌तास रेंगाळतो; परंतु तोवर कडे रिकामे झालेले असतात. म्हणून शक्य असल्यास जुलैमध्ये निघणारे लहान जहाज शोधावे.

गंगापूररोडची वाचक यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे वाचून आनंद झाला. मी व्यवहाराची बाजू मांडते, कारण चांगल्या सफरी तिथेच अडखळतात.

स्वालबार्ड शेंगेन क्षेत्राच्या, म्हणजे युरोपातील सामाईक व्हिसाच्या क्षेत्राच्या, बाहेर आहे. ओस्लोहून तिकडे गेलात की आपण शेंगेनमधून बाहेर पडता आणि परतताना पुन्हा आत येता, त्यामुळे भारतीय पारपत्रधारकांनी किमान दोन प्रवेशांचा व्हिसा मागावा. एकाच प्रवेशाचा व्हिसा हाती आला, तर परतीची वाट बंद होते. विम्याबाबतही हेच लक्षात ठेवावे. व्हिसासाठी घेतलेली पॉलिसी स्वालबार्डमध्ये लागू आहे का, आणि तिच्यात शोध-बचाव व हवाई रुग्णवाहतुकीचा खर्च धरला आहे का, हे लेखी विचारून घ्यावे. लाँगयिअरब्येनचे रुग्णालय लहान आहे आणि गंभीर रुग्णाला विमानाने उत्तर नॉर्वेतील त्रोम्सोला हलवावे लागते.

काका, आपण आणि काकू दोघांनी बोट लागण्याविषयी डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यावे. फियोर्डच्या आत पाणी शांत असते, मात्र पश्चिम किनाऱ्याच्या उघड्या समुद्रात लहान जहाज चांगलेच हलते, आणि लहान जहाजाची ही एक बाजू कोणी सांगत नाही. शाकाहारी असाल तर तसे आरक्षणाच्या वेळीच कळवावे, कारण जहाजाचा शिधा निघण्यापूर्वी भरलेला असतो आणि वाटेत दुकान नसते.

कॅमेऱ्याचा खरा शत्रू तिथली थंडी नसते. जुलैत किनाऱ्यावर सरासरी तापमान सहा-सात अंशांच्या आसपास असते, त्यापेक्षा आपल्या निफाडच्या पहाटा कधीकधी जास्त गार असतात. त्रास होतो तो खाऱ्या तुषारांचा आणि दवाचा. गार झालेला कॅमेरा उबदार केबिनमध्ये तसाच नेला की लेन्सवर आणि आतही बाष्प साचते. म्हणून डेकवर असतानाच तो हवाबंद पिशवीत घालावा, आत नेल्यावर तास-दीड तास पिशवी उघडू नये, आणि त्याआधी मेमरी कार्ड काढून घ्यावे म्हणजे छायाचित्रे पाहण्याच्या मोहाने पिशवी उघडली जात नाही. रोज रात्री ओलसर, मग कोरड्या मऊ कापडाने मीठ पुसून काढावे. तिपाई घरीच ठेवावी, कारण इंजिनाची थरथर तिच्यातून थेट कॅमेऱ्यात उतरते. लेन्स हातात धरून शटर १/१६०० सेकंदाच्या आसपास ठेवावे. बर्फात कॅमेऱ्याचा मीटर फसतो आणि पांढरे करडे होते, म्हणून एक स्टॉप (म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवून हिस्टोग्रामवर, म्हणजे उजेड-अंधाराच्या आलेखावर, लक्ष ठेवावे. अस्वल शुद्ध पांढरे नसून मलईच्या रंगाचे असते, त्यामुळे ते बर्फापासून वेगळे दिसले पाहिजे.

आणखी एक गोष्ट आपल्याला आवडेल. अनेक जहाजे नी-ओलेसुंड या संशोधन वसाहतीला थांबतात, आणि २००८ मध्ये सुरू झालेले भारताचे ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र तिथेच आहे. तिथल्या संवेदनशील उपकरणांसाठी २० किलोमीटरच्या परिसरात वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावे लागतात, त्यामुळे कॅमेऱ्याची मोबाईलशी असलेली जोडणीही विसरू नका. ड्रोन मात्र नेऊच नये; संरक्षित क्षेत्रांत त्याला बंदी आहे.

नांदूरचा वाटसरू

तिघांचेही मनःपूर्वक आभार. लेन्सचा विचार सोडून दिला आहे. जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात निघणारे बारा प्रवाशांचे एक जहाज सापडले असून त्याच्या मार्गात हिनलोपेनही आहे. मात्र त्यासाठी आणखी एक वर्ष थांबावे लागेल, आणि आम्ही थांबायला तयार आहोत. आता दोन शंका उरल्या आहेत. तोवर इथे राहून सराव कसा करावा? आणि आरक्षणाची रक्कम भरण्यापूर्वी जहाज कंपनीला काय विचारावे?

देवळालीकर

सरावासाठी नांदूर मध्यमेश्वरहून चांगली जागा नाही. अंगाने म्हैस साधारण अस्वलाएवढीच लांब असते. मोबाईलच्या नकाशावर ३०० मीटर मोजून पाण्याकाठी चरणारी म्हैस सूर्योदयाच्या सुमारास टिपावी, आणि ती चौकटीत लहान असतानाही चित्र पूर्ण वाटेल अशी मांडणी पाणी, धुके व झाडांची ओळ यांच्यासह जमते का ते पाहावे. हवा तापली की दूरचे चित्र थरथरते, हे आपण तिथे अनुभवले असेलच. आर्क्टिकमध्येही पाणी आणि हवा यांच्या तापमानात फरक असला की तसेच होते, त्यामुळे जहाजाच्या धुरांड्याच्या वाऱ्याच्या दिशेला आणि केबिनच्या उघड्या दाराशी उभे राहून छायाचित्रे घेऊ नयेत.

कंपनीला जहाजाची बर्फश्रेणी (बर्फातून जाण्याची क्षमता) काय आहे आणि बर्फाने हिनलोपेन अडले तर पर्यायी मार्ग कोणता, हे आधी विचारा. २०२५ पासून संरक्षित क्षेत्रांत ठरवून दिलेल्या ४३ ठिकाणीच किनाऱ्यावर उतरता येते. त्यांपैकी कोणती ठिकाणे त्यांच्या आराखड्यात आहेत, तेही लेखी घ्या. वॉलरस पाहण्यासाठी पूलेपिंटन किंवा तोरेलनेसेट यांपैकी एक तरी असावे. बेसुमार शिकारीने इथून जवळजवळ नाहीसा झालेला हा प्राणी १९५२ च्या संरक्षणानंतर सावकाश परतला आहे, आणि त्याच्या विश्रांतीच्या जागेपासून मोटारबोटीला १५० मीटर दूर राहावे लागते. बारा प्रवाशांमागे बंदूकधारी वाटाडे किती आहेत, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. वाटाड्या एकच असेल, तर काही जणांना किनाऱ्यावर आणि काही जणांना बोटीत, अशी आपली विभागणी करता येणार नाही, आणि काकूंना चालायचे नसेल त्या दिवशी दोघांनाही जहाजावरच थांबावे लागेल.