नियुक्तिपत्र नाही, म्हणून पगारी रजाही नाही, असे म्हणता येते का?

प्रश्न : यंत्रकामगार, उद्यमबाग

सर्वांना नमस्कार. मी बेळगावातील उद्यमबागेत एका मशीनशॉपमध्ये जानेवारी 2023 पासून सीएनसी मशीनवर काम करतो. आम्ही एकूण 34 जण आहोत. मला आजवर नियुक्तिपत्र मिळालेले नाही. पगार बँकेत जमा होतो, भविष्य निर्वाह निधीही कापला जातो, परंतु रजेचा विषय काढला की मालक सांगतात, "पगारी रजा कायम कामगारांना असते. तुम्ही हजेरीवर आहात. आलात तर पगार, नाही तर खाडा."

गेल्या गणपतीत मी सुपरवायझरना तोंडी सांगून 27 ते 30 ऑगस्ट असे चार दिवस गावी, खानापूर तालुक्यात, गेलो होतो. चारही दिवसांचा पगार कापला गेला. त्यात गणेश चतुर्थीचा दिवसही होता आणि त्या दिवशी तर कारखानाच बंद होता. पुढे 1 नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाला, शनिवारी, कारखाना बंद ठेवला आणि त्याची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी रविवारी सगळ्यांना कामावर बोलावले. खंडेनवमीला मशिनींच्या पूजेसाठी सकाळी यावे लागते. हळदकुंकू वाहून, नारळ फोडून, पेढा हातावर पडला की घरी जायचे, आणि पगाराच्या चिठ्ठीत तो दिवस मात्र अर्धा लागतो.

आता मला कागलच्या औद्योगिक वसाहतीत काम मिळण्याची शक्यता आहे. हे कळल्यापासून कार्यालयातून एका कन्नड कागदावर सही करण्याचा आग्रह चालला आहे. मला कन्नड बोलता येते, पण टंकलिखित कार्यालयीन कन्नड नीट वाचता येत नाही. घरी नेऊन वाचतो म्हटले, तर कागद बाहेर देता येणार नाही असे उत्तर मिळाले. लेखी करार नसताना माझे काही हक्क आहेत का, आणि या कागदाचे काय करावे, हे जाणकारांनी सांगावे ही विनंती.

उत्तर 1 : निवृत्त हजेरी कारकून, शहापूर

मी 26 वर्षे एका कारखान्यात मस्टर आणि रजेची नोंदवही सांभाळली आहे, त्यामुळे आपला प्रश्न माझ्या रोजच्या परिचयाचा आहे. सर्वांत आधी कागदाचे सांगतो, कारण ते तातडीचे आहे. जो कागद वाचता येत नाही त्यावर सही करू नका. अशा कागदात पुष्कळदा "माझा सर्व हिशेब मिळाला, काही येणे बाकी नाही" असा मजकूर असतो, किंवा तो तारीख न घातलेला राजीनामा असतो. अगदीच अडवून धरले, तर सहीच्या वर आपल्या हाताने मराठीत "मजकूर मला वाचून व समजावून दिलेला नाही" असे लिहा आणि तारीख घाला. तेवढे लिहू देत नसतील, तर त्या कागदात काय असावे याचा अंदाज आपल्याला येईलच.

आता मुख्य गोष्ट. नियुक्तिपत्र नाही याचा अर्थ करार नाही असा होत नाही. तोंडी ठरलेला करारही आपल्याकडे कायद्याने करारच असतो. लेखी पत्र हा त्याचा पुरावा असतो. तुमच्याजवळ तीन वर्षांच्या बँकेतील नोंदी आहेत आणि भविष्य निर्वाह निधीच्या पासबुकात मालकाच्या आस्थापनेचे नाव आहे. "हा आमचा माणूसच नव्हे" असे आता कोणालाही म्हणता येणार नाही. यांखेरीज पाळी बदलल्याचे सुपरवायझरचे मोबाइलवरील संदेश, जॉबकार्डावरील आपले नाव, गेटपास, जे काही असेल ते जपून ठेवा. नोकरी सुटली की हे कागद हाती लागत नाहीत.

"हजेरीवर आहात म्हणून रजा नाही" हे म्हणणे तर सपशेल चुकीचे आहे. 1948 च्या कारखाने कायद्याच्या 79 व्या कलमात कायम आणि हंगामी असा भेदच नव्हता. कॅलेंडर वर्षात 240 दिवस काम भरले की दर 20 दिवसांच्या कामामागे 1 दिवस याप्रमाणे पुढील वर्षी पगारी रजा मिळत असे, मग कामगार रोजंदारीवरचा असो वा महिना पगारावरचा. 21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राच्या चार कामगार संहिता अमलात आल्या आहेत. त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीविषयीच्या संहितेत 240 दिवसांची अट 180 दिवसांवर आली असून 20 दिवसांमागे 1 दिवस हे प्रमाण तेच आहे. नियुक्तिपत्राचेही त्याच संहितेत आहे. ज्या आस्थापनेत 10 किंवा अधिक कामगार आहेत, तिथे प्रत्येक कर्मचाऱ्याला ते देणे बंधनकारक आहे आणि आधीपासून कामावर असलेल्यांना संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांत द्यायचे आहे. आपण 34 जण आहात.

हिशेब कसा करतात तेही पाहा. समजा, एका वर्षात 291 दिवस काम भरले. 20 ने भागल्यावर 14.55 येतात. अर्धा दिवस किंवा त्याहून अधिक अपूर्णांक पूर्ण दिवस धरायचा, म्हणून रजा 15 दिवस. 284 दिवस भरले असतील तर 14.2, म्हणजे 14 दिवस. रजेच्या मध्ये किंवा कडेला येणारी सुट्टी रजेत मोजायची नसते. घेतली न गेलेली रजा 30 दिवसांपर्यंत पुढील वर्षी नेता येते, आणि रीतसर मागूनही नाकारलेली रजा त्या मर्यादेने बुडत नाही. नोकरी सोडताना शिल्लक रजेचा पगार मिळाला पाहिजे, तोही सोडल्यापासून दुसरा कामाचा दिवस संपण्याच्या आत. राजीनामा दिला म्हणून हा हक्क जात नाही, हे मी मुद्दाम लिहितो, कारण कितीतरी मुले "आपणच सोडले, मग कशाला मागायचे" म्हणून गप्प बसलेली मी पाहिली आहेत आणि त्याचे मला अजून वाईट वाटते.

आपली एक बाजू लंगडी आहे, तीही सांगितली पाहिजे. गणपतीची रजा आपण तोंडी घेतलीत. जुन्या कायद्यात रजेचा लेखी अर्ज 15 दिवस आधी द्यावा असे होते. त्यामुळे त्या तीन दिवसांबद्दल मालक "न सांगता गैरहजर" असे म्हणू शकतील. उरलेल्या, म्हणजे चतुर्थीच्या दिवसाचे तसे नाही. कर्नाटकात औद्योगिक आस्थापनांतील राष्ट्रीय व सणांच्या सुट्ट्यांचा 1963 चा वेगळा कायदा आहे. त्यात 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि 1 नोव्हेंबर या पाच ठरलेल्या आणि सणांच्या आणखी पाच, अशा 10 पगारी सुट्ट्या आहेत. चतुर्थी आपल्या कारखान्याच्या त्या पाचांत असेल, तर तो पगार कापता येत नाही. खंडेनवमीचेही उत्तर त्या यादीतच मिळेल, म्हणून ती यादी मागून घ्या.

1 नोव्हेंबरच्या दिवसाविषयी सीमाभागात आपल्या भावना काय आहेत हे मी वेगळे सांगायला नको. पण कामगार म्हणून पाहता ती कायद्याने दिलेली पगारी सुट्टी आहे, आणि रविवारची साप्ताहिक सुट्टी हा दुसरा, स्वतंत्र हक्क आहे. एक देऊन दुसरी काढून घेणे बरोबर नाही. त्या रविवारी काम केल्याबद्दल आपल्याला बदली सुट्टी मागता येईल.

उत्तर 2 : विक्री कर्मचारी, खडेबाजार

वरील उत्तर कारखान्यांपुरते आहे, म्हणून दुकानांत काम करणाऱ्यांसाठी थोडी भर घालते. मी एका कापड दुकानात आहे. आम्ही सात जणी आहोत. आम्हाला कर्नाटक दुकाने व व्यापारी आस्थापना कायदा, 1961 लागू होतो. त्यातही नेमणुकीपासून 30 दिवसांच्या आत लेखी नेमणूक आदेश द्यावा असे आहे, आणि त्याचा ठरावीक नमुनाही आहे, ज्याला 'क्यू' नमुना म्हणतात. 20 दिवसांमागे 1 दिवसाची रजा आहेच, शिवाय आजारपण, अपघात किंवा अन्य सबळ कारणासाठी वर्षाला 12 दिवसांपर्यंत पगारी रजा आहे. ही 12 दिवसांची गोष्ट आमच्या बाजारात जवळजवळ कोणालाच ठाऊक नाही. मलाही पाच वर्षे ठाऊक नव्हती. मुलाला डेंग्यू झाला तेव्हा मी आठ दिवस बिनपगारी राहिले आणि त्या महिन्यात दवाखान्याचे बिल भरायला उचल घ्यावी लागली. माझ्या हक्काच्याच पैशांची मी उचल घेतली होती, हे पुढे कळल्यावर मला रात्रभर झोप आली नाही.

उत्तर 3 : लघुउद्योजक, मच्छे

मालकांच्या बाजूने कोणीतरी प्रामाणिकपणे लिहावे म्हणून लिहितो. माझ्याकडे 14 कामगार आहेत. मीही अनेक वर्षे कोणाला नियुक्तिपत्र देत नव्हतो. कारण असे की, पत्र दिले की माणूस 'पर्मनंट' होतो आणि मग काम नसले तरी त्याला कमी करता येत नाही, अशी समजूत आमच्या सगळ्या परिसरात पक्की बसलेली आहे. माझ्या कर सल्लागाराने मला दाखवून दिले की सलग सेवा ही पत्रावर मोजली जात नाही, कामाच्या दिवसांवर मोजली जाते. वर्षात 240 दिवस काम भरले की कामावरून कमी करताना नोटीस आणि भरपाई यांचे नियम लागू होतात, हातात पत्र असो वा नसो. म्हणजे पत्र न देऊन मी काहीच वाचवत नव्हतो. उलट उद्या वाद झाला असता, तर पगार किती ठरला होता हे सिद्ध करायला माझ्याजवळही कागद नव्हता.

रजेचा खर्च आम्हाला जाणवतो, हे खरे आहे. मोठ्या कंपन्यांकडून लघुउद्योगांचे पैसे 45 दिवसांत यावेत असा 2006 चा कायदा असूनही ते तीन-तीन महिने येत नाहीत, आणि पगार मात्र दर महिन्याच्या सातला द्यावा लागतो. तरीही माझे पैसे अडकले म्हणून कामगाराची रजा अडकवणे हे न्यायाचे नाही, असे मला वाटते. आता मी दिवाळीच्या आठवड्यात कारखाना सलग बंद ठेवतो, सुट्टीचे दिवस सोडून उरलेले दिवस सर्वांच्या संमतीने रजेत धरतो आणि बाकीची रजा ज्याला हवी तशी देतो. पत्र एका पानाचे, एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कन्नड असे केले आहे. त्यात पद, पगार, रुजू तारीख, कामाची वेळ आणि रजा एवढेच लिहिले आहे. लिहायला मला एक संध्याकाळ लागली.

उत्तर 4 : निवृत्त हजेरी कारकून, शहापूर

मच्छेच्या गृहस्थांचे मनापासून आभार. असे मालक बोलते झाले तर निम्मे वाद कामगार खात्यापर्यंत जाणारच नाहीत.

एक राहिले होते. तक्रार करायची वेळ आलीच, तर अर्ज मराठीत चालेल का, असे मला दोघांनी फोनवर विचारले. राज्यघटनेच्या 350 व्या कलमानुसार कोणत्याही व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याचे निवेदन केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, तिथे वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येते. तेव्हा मराठीत अर्ज देण्याचा आपल्याला हक्क आहे. माझा अनुभव मात्र असा की कामगार निरीक्षकांना कन्नड भाषांतर सोबत जोडून दिले की काम लवकर हलते, आणि आपल्याला काम व्हायला हवे आहे. मूळ अर्ज मराठीत, खाली भाषांतर, आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का, एवढे सांभाळा. वेतनाच्या दाव्यासाठी नव्या वेतन संहितेत 3 वर्षांची मुदत आहे, म्हणून घाईने भांडण करून कागलची संधी घालवू नका. आधी मालकांना साध्या शब्दांत लेखी पत्र द्या.

प्रश्नकर्त्याचे पुढील निवेदन : यंत्रकामगार, उद्यमबाग

सर्वांचा ऋणी आहे. दोन दिवस बसून हिशेब केला. मला एक सवय होती, जिचा असा उपयोग होईल हे कधी मनात आले नव्हते. आई दुधाचा हिशेब ठेवते त्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मी रोज पाळीचा आकडा लिहीत असे : पहिल्या पाळीला 1, दुसरीला 2, रात्रपाळीला 3, आणि खाड्याला फुली. तिन्ही वर्षांच्या दिनदर्शिका आईने रद्दीत न घालता पेटीत ठेवल्या होत्या. 2023 मध्ये 284, 2024 मध्ये 291 आणि 2025 मध्ये 277 दिवस भरतात. हजेरी कारकून काकांच्या रीतीने 14, 15 आणि 14, म्हणजे एकूण 43 दिवस होतात. गणपतीचे तीन दिवस त्यातून वजा धरले, तरी 40 दिवस उरतात.

काल मी मराठीत एक पानी पत्र दिले. त्यात नियुक्तिपत्र, सुट्ट्यांची यादी, अनुभवाचा दाखला आणि 40 दिवसांच्या रजेचा हिशेब या चार गोष्टी मागितल्या आहेत. 2 नोव्हेंबरच्या रविवारचाही उल्लेख केला आहे. कन्नड कागद मी शेजारच्या मशीनवरील मित्राकडून तिथेच वाचून घेतला. तो "सर्व हिशेब पूर्ण" असाच होता आणि त्यावर तारखेची जागा कोरी होती. मी सही केलेली नाही. मालकांनी पत्र घेतले, पण पोच देण्यास कार्यालयाने नकार दिला, म्हणून तेच पत्र आज टिळकवाडीतून स्पीड पोस्टाने पाठवले आहे. पावती दिनदर्शिकेच्याच पेटीत ठेवली आहे. उत्तर आले की इथे कळवीन.