नाणं खोटं नसतं

कुणीतरी लिहिलंय, सातवीत सरासरी, मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी संख्या), बहुलक (सर्वांत जास्त वेळा येणारी संख्या) काढता आले की मुलांना संख्याशास्त्र समजलं. मला नाही पटत. नौपाड्यात माझ्याकडे गणिताला येणाऱ्या तीस मुलांना मी प्रत्येकी १० वेळा नाणं उडवायला लावते. कुणाला सात वेळा छापा आला की लगेच, ‘ताई, हे नाणं खोटं आहे!’ खरं तर दहात सात किंवा जास्त छापे येण्याची शक्यता सुमारे १७ टक्के, म्हणजे तिसांत पाचेक जण. मग सगळ्यांचे ३०० निकाल फळ्यावर एकत्र मांडले की छाप्यांचं प्रमाण निम्म्याच्या जवळ येतं. मुलं अक्षरशः गप्प होतात! मात्र किती छापे येतील याचा अंदाज मुलांकडून आधी वहीत लिहून घ्या. नंतर सगळेच ‘मला माहीत होतं’ म्हणतात.